गिळलेली रिंग

पटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मागाहून माझ्या तोंडाकडे बघून कुणी हसायचं नाही. खारवली बंदरात नाना हळदणकर थापाड्या म्हणून प्रसिद्ध आहे, आणि ती प्रसिद्धी मला कुणी फुकट दिलेली नाही. पण ही गोष्ट त्यातली नव्हे. माझा टेलिफोन बूथ होता तेव्हा रिसीव्हर न उचलता, नुसत्या रिंगवरून, फोन कुठून आलाय आणि कशातून आलाय ते मी सांगत असे. तारेतून आलेला वेगळा, आकाशातून आलेला वेगळा, आणि इंटरनेटमधून आलेला तर पारच वेगळा.

गेल्या महिन्यात सदा डोर्लेकरच्या ओटीवर मी हे असंच सुरू केलं. सदा वीस-बावीस वर्षं आखातात टगवर, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढत आणणाऱ्या दणकट बोटीवर, नोकरी करून कायमचा घरी आला होता. त्या आनंदाचं जेवण नुकतंच आटपलं होतं. सदा झोपाळ्यावर. त्याची बायको प्रमिला उंबऱ्याशी बसून विड्याची पानं पुसत होती. आणि माझ्या प्रत्येक गोष्टीत पाय घालायलाच जन्माला आलेला बाबल मयेकर खांबाला टेकून बसला होता.

“ओळखायचात कसं पण?” बाबल म्हणाला. “रिंगेला वास येतो की काय?”

“मस्कतच्या रिंगेला यायचा. खजुराचा.”

“आणि मुंबईच्या?”

“मुंबईच्या रिंगेला घाई. पहिली संपायच्या आत दुसरी अंगावर. एकदा जहाजावरून फोन आला. रिंग ऐकली आणि रिसीव्हर उचलून पहिलं वाक्य काय बोललो? अँटेनावर पक्षी बसलाय तुमच्या. तिकडून आवाज, थांबा ओ नाना, हाकलून येतो.”

ओटीभर हसू झालं. प्रमिला हसली नाही. ती पानांचे देठ खुडत राहिली.

“हसा,” मी म्हटलं. “त्या वर्षी मात्र माझ्या बूथवर कुणी हसत नव्हतं.”

तेव्हा गावात फोन तीन. एक माझा, एक सरपंचांचा, त्याला कुलूप, आणि एक पोस्टमास्तरांच्या पडवीतला. पोस्ट म्हणजे माझ्या मागच्या दाराने बाहेर पडून, माडांतून जाऊन, व्हाळावरचा लाकडी साकव ओलांडला की पलीकडे. मोबाइलचा मनोरा यायला अजून अवकाश होता. घरटी एक माणूस आखातात, आणि बोलायचे दर असे की ‘कसा आहेस’ विचारून उत्तर येईस्तोवर तिकडच्याची दिवसाची कमाई जायची. म्हणून बंदराने आपली रीत पाडली होती. तिकडच्याने ठरल्या वारी दिवेलागणीला माझ्या बूथवर फोन लावायचा आणि रिंगा देऊन कापायचा. दोन रिंगा म्हणजे बरा आहे. तीन म्हणजे सुट्टी मिळाली, येतोय. आणि एक रिंग म्हणजे अडचणीत आहे.

एक कुणी देत नसे. बायका तो आकडासुद्धा बूथवर तोंडातून काढत नसत. बिस्किटाचा पुडा मागताना ‘पुडा द्या’ म्हणायच्या. ‘एक पुडा’ म्हटलं की मागे उभी असलेली दुसरी तिला चिमटा काढायची.

फोन उचलायचा नाही, हा नियम. उचलला की तिकडच्याच्या खिशाला भोक. त्यामुळे नवखा माणूस यायचा आणि घाबरायचा. फोन वाजतोय, समोर बाकड्यावर माणसं श्वास धरून बसलीत, आणि कुणी हात लावत नाही. फोन थांबला की त्या उठणार, पदर सावरणार, “चला, बरे आहेत” म्हणून घरी जाणार. झालं बोलणं.

वार वाटून दिलेले. सोमवार आणि शुक्रवार प्रमिलाचे. बुधवार तांडेलांच्या म्हातारीचा. तिची लेक रेवती घरकामाच्या नोकरीवर गेली होती, पालव एजंटाच्या ओळखीने. पहिल्या बुधवारी दोन रिंगा आल्या. त्यानंतर काही नाही. म्हातारी तरी दर बुधवारी यायची, धुतलेलं लुगडं नेसून, लेक तिला बघणार असल्यासारखी. अंधार पडला की उठायची. “आज लाइन खराब असेल हो, नाना,” असं तीच माझी समजूत घालायची.

पालवला तुम्ही पाहिलेलं नाही, बरं झालं. जाडजूड माणूस, पांढरा सफारी, खिशात अडकित्ता. बोलताना सुपारी कातरायचा. अर्ध्या बंदराला त्याने नोकरीला लावलं होतं, म्हणून सगळे त्याला शेठ म्हणत. आणि रेवतीचं नाव त्याच्यासमोर कुणी काढत नसे.

दिवाळी होऊन गेली होती. शुक्रवार. प्रमिला आणि तिची सासू आवडाकाकू बाकड्यावर, प्रमिलाच्या मांडीवर तिची मुलगी. फोन वाजला.

ट्रिंग.

आणि थांबला.

आम्ही वाट बघितली. वाळवणाच्या मासळीवर कावळे भांडत होते, तेवढाच आवाज.

“नाना,” आवडाकाकू म्हणाली, “दुसरी वाजली का रे? मला हल्ली कमी ऐकू येतं.”

प्रमिलाने मुलीला खाली उतरवलं, फोनजवळ गेली आणि त्याच्यावर हात ठेवला. एखाद्याला ताप आहे का बघतात तसा.

“लाइन तुटली असेल,” मी म्हटलं.

“हो,” ती म्हणाली. “तसंच असेल.”

सोमवारी पुन्हा एक. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा एक. ठरल्या वेळी, अगदी बिनचूक, एक. चुकून आलेला फोन एवढा वेळ पाळत नाही. आता बाकड्यावर दुसऱ्या बायका बसेनात. आपल्या घरच्या फोनला विटाळ होईल अशा नजरेने त्या प्रमिलाकडे बघत. आवडाकाकूने जेवण सोडलं होतं.

प्रमिलाकडे सदाच्या कंपनीचा कागद होता, त्यावर नंबर. “लावा,” ती म्हणाली. मी लावला. कितीदा फिरवला तेव्हा कुठे तिकडे वाजलं, आणि कुणीतरी उचललं. पण हॅलो नाही, काही नाही. एकदम किंचाळी. लांबलचक, कानात तार खुपसल्यासारखी. मी रिसीव्हर दूर धरला, तर ती प्रमिलालाही ऐकू गेली.

“कोण ओरडतंय?”

“मशीन आहे गो. फॅक्स म्हणतात. कागद पाठवायचं मशीन.”

“माणसासारखं ओरडतंय.”

“मशीनच आहे.”

“परत लावा.”

परत लावला. परत तीच किंचाळी. तिसऱ्यांदा लावायचं धैर्य मलाच झालं नाही. खरं सांगतो, त्या रात्री मी बूथचा फोन गोधडीखाली गुंडाळून ठेवला. रात्री वाजू नये म्हणून नव्हे. तो माझ्याकडे बघत होता म्हणून.

“फोन बघत होता?” बाबल म्हणाला.

“दहा डोळे असतात त्याला. मोजून बघ.”

शनिवारी दुपारी पालवची जीप बूथसमोर थांबली. प्रमिला तिथेच होती. हल्ली ती वार नसला तरी येऊन बसायची. पालव माझ्या स्टुलावर बसला, मला न विचारता, आणि अडकित्ता काढला.

“ऐकलं मी,” तो म्हणाला. कट्. “वाईट झालं.” कट्. “एक रिंग म्हणजे कोठडीतून असणार. तिथे पोलीस एकच देऊ देतात.”

प्रमिलाचा चेहरा मी बघितला आणि बघितला नाहीसं केलं.

“शेठ, तुम्ही कुणाला विचारा ना.”

“इथून कोण सांगणार? तिथे जाऊन उभं राहावं लागतं. बायको समोर उभी राहिली की सोडतात. मी पाहिलंय.” कट्. “घरकामाचा व्हिसा माझ्याकडे तयार आहे. दुसऱ्या बाईचा होता, तिला जमत नाही. मंगळवारी सकाळी जीप निघते. तिथे घर मिळेल, जेवण मिळेल, आणि नवरा त्याच गावात. विचार कर. मी जरा सरपंचांकडे जाऊन येतो.”

तो गेला. सुपारीचा भुगा माझ्या स्टुलाखाली पडला होता. मी पुढे झालो.

“प्रमिला, या माणसाबरोबर जाऊ नकोस.”

ती माझ्याकडे बघत राहिली.

“रेवती गेली ती गेलीच. आठ महिने झाले. एक रिंग नाही. तिची आई येऊन बसते ती तुझ्या डोळ्यांसमोर आहे. अशीच आणखी एक पलीकडच्या बंदरातून गेली, तिचाही पत्ता नाही. मला मुंबईच्या माणसाने सांगितलंय. घरकाम नाही ते.”

“नाना,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. “गेल्या होळीला तुम्ही सांगितलंत, सुरमईने तुमचा चष्मा गिळला आणि ती चष्मा लावून जाळ्याला वळसा घालून गेली. ह्याच बाकड्यावर. मी हसून हसून पडले होते.”

“ते वेगळं.”

“त्याच्या आधी सांगितलंत, तुमच्या आजोबांनी दीपस्तंभ खांद्यावर घेऊन जागा बदलली. आता हे सांगताय. मी काय करू? कुठलं धरू आणि कुठलं सोडू?”

इतकी वर्षं या गावाला मी हसवलं आणि त्याच्या बदल्यात गावाने माझं खरं ऐकायचं सोडून दिलं होतं. मी शपथ घेतली असती तर ती आणखीच दूर सरकली असती.

“मी जाणार,” ती म्हणाली. “ते कोठडीत आणि मी इथे रिंगा ऐकत बसू? मुलगी सासूबाईंकडे राहील. ती लहान आहे, विसरेल.”

मुलगी बाकड्याखाली बसून शिंपले मांडत होती. ‘विसरेल’ या शब्दाला तिने वर बघितलं.

तेवढ्यात पालव परत आला. दारातच उभा. “काय ठरलं?”

आणि त्या क्षणी मला ते कळलं. कानात वीज चमकावी तसं. “ती एक रिंग नाहीच,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

“इंटरनेटचा फोन आहे तो. मला पहिल्याच दिवशी संशय आला होता, आता खात्री झाली. तारेतली रिंग सुरू होते ती गळ्यातून, पूर्ण. ही सुरू होते ती मधूनच. अर्धी कापलेली. कारण आधीची रिंग त्याने गिळलेली असते. इंटरनेटचा फोन रिंग गिळतो. सदा तिकडे दोन देतो आणि इथे एक पोचते. सदा खुशाल आहे.”

प्रमिला उभी राहिली. पालवने अडकित्ता उघडा ठेवूनच माझ्याकडे बघितलं.

“कशावरून?”

“कानावरून.”

“सुरमई चष्मा लावते तेही कानावरूनच का?” म्हणजे माझी कीर्ती त्याच्यापर्यंतही पोचली होती. तो अगदी जवळ आला. सुपारीचा वास, आणि आवाज एवढा हळू की प्रमिलाला ऐकू जाऊ नये. “म्हातारा झालायस, नाना. दुकान लाकडाचं आहे. मधे येऊ नकोस.”

मी मोठ्याने म्हणालो, “सोमवारी त्याला नीट लाइन मिळाली तर दोन वाजतील. दोन पूर्ण. तुम्ही स्वतः येऊन ऐका, शेठ.”

पालव हसला. “ठीक. सोमवारी दोन वाजल्या तर मंगळवारी जीप रिकामी नेईन. एक वाजली तर ही येते.” आणि पुन्हा हळू, “आणि तुझं मग बघू.”

“प्रमिला, तुला मान्य?”

“दोन वाजल्या तर थांबते,” ती म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. फोनकडे बघत होती.

रविवार कसा गेला विचारू नका. प्रमिलाची पिशवी भरून दारात ठेवलेली मी येता-जाता बघितली. वर मुलीचा एक फ्रॉक घडी करून ठेवला होता, सोबत न्यायला, वासासाठी. दोनदा पालवची जीप बूथसमोरून उगाचच गेली. इंजिन मंद करायची, थांबायची नाही.

सोमवारी दिवेलागण झाली. प्रमिला आणि आवडाकाकू बाकड्यावर. पालव आला, दाराशी उभा राहिला, अडकित्ता सुरू. मी माझ्या स्टुलावर, फोनपासून हातभर, डोळे त्याच्यावर रोखून. त्याच संध्याकाळी माझी डावी चप्पल कुत्र्याने पळवली होती, ती गोष्ट वेगळी. ती पुन्हा कधी. मी स्टुलावर बसलोय. कट्, कट्. वेळ झाली. वेळ टळली. फोन गप्प.

“एकसुद्धा नाही आज,” पालव म्हणाला. “याचा अर्थ माहीत आहे ना, बाई?”

आवडाकाकू रडायला लागली. आवाज न करता, तोंडात पदर कोंबून.

आणि फोन वाजला.

ट्रिंग ट्रिंग.

कुणी हललं नाही. अडकित्तासुद्धा. त्या दोन रिंगांमधल्या जागेत, मंडळी, अख्खं बंदर मावलं असतं.

ट्रिंग ट्रिंग.

आणि थांबला. “ऐकलंत?” मी स्टुलावरून म्हणालो. “तारेचा फोन. गळ्यातून आलेला, पूर्ण. दोन!”

पालवने अडकित्ता मिटला, खिशात टाकला आणि गेला. प्रमिला बराच वेळ तिथेच बसली. मग मुलीला कडेवर घेतलं आणि घरी गेली.

“असे ओळखले फोन!” बाबल म्हणाला. “आणि तुम्ही घाबरला नाहीत?”

“मी कशाला घाबरू? मला ठाऊकच होतं.”

त्या रात्री झोप मात्र आली नाही. उगाच, म्हातारपणामुळे. मी पडून विचार करत होतो, की सदा खरंच कोठडीत असेल तर. ती गेली असती तर कदाचित एखाद्याने तरी दार उघडलं असतं. मी काय केलं? म्हणजे, मी काहीच केलं नव्हतं, नुसतं ओळखलं होतं. पण अंधारात विचार असेच येतात. दुकान लाकडाचं आहे, हेही कानात होतंच. वारा फिरला तरी मी उठून राख शोधायचो.

बुधवारी तांडेलांची म्हातारी आली. धुतलेलं लुगडं. बसली. बातमी तिच्यापर्यंत गेली होती.

“नाना,” ती म्हणाली, “ते इंटरनेट रिंगा गिळतं म्हणे?”

“हो.”

“मग माझ्या रेवतीच्या दोन्ही गिळत असेल का हो?”

बाहेर कुणीतरी होडीला डांबर फासत होतं. मी त्याच्याकडे बघत राहिलो.

“असेल,” मी म्हणालो. “दोन्ही गिळत असेल.”

म्हातारी खुलली. “बघा, मी म्हणतच होते,” म्हणाली, आणि बिस्किटाचा पुडा घेऊन गेली. त्यानंतर जेव्हा जेव्हा बुधवारी फोन गप्प राहायचा, तेव्हा ती तो फोन आलाच असं धरायची. मरेपर्यंत.

मग शुक्रवार. बाकड्यावर आम्ही तिघं. फोन वाजला. एक. मी डोळे मिटले. दोन. आवडाकाकूचा श्वास सुटला. तीन. “येतोय की काय?” ती पुटपुटली. चार.

चाराला काही अर्थच नव्हता. चार कधी कुणी दिल्या नव्हत्या. पाच. प्रमिला पांढरी पडली. वाईट बातमी देणाऱ्याला आपली रीत ठाऊक नसते, तो वाजवतच राहतो, हे आम्हा तिघांच्याही मनात एकदमच आलं असणार. सहा. “उचलू नको,” आवडाकाकू म्हणाली. “उचलू नको गो, उचललंस की खरं होईल.”

प्रमिलाने उचलला.

आधी काही नाही. विहिरीत वाकून बघावं तशी शांतता. मग टुक्. मग बराच वेळाने, कुठल्या तरी लांबच्या खोलीतून, सदाचा आवाज, एवढा मोठा की मलाही ऐकू आला: “हॅलो! प्रमिला? किती वेळ वाजतोय, उचलत का नाहीस?”

ती रडायला लागली. ते रडणं त्याच्यापर्यंत पोचायच्या आत तो तिकडे हसत होता, आणि ते हसणं इकडे पोचलं तेव्हा तिकडे तो “काय झालं, काय झालं” करत होता. दोघांची वाक्यं एकमेकांच्या अंगावरून जात होती. इंटरनेटचा फोन असाच असतो. जुनं फोनचं दुकान बंद पडलं म्हणून तो आता एका मलबाऱ्याच्या दुकानातून कॉम्प्युटरला जोडलेल्या फोनवरून लावत होता. इथे वाजायला लागायच्या आधीच तिकडे त्याच्या कानात रिंग सुरू व्हायची. तो बिचारा दोन मोजून कापायचा आणि इथे एक वाजायची. खुशाल होता. चांगला जाडा झाला होता.

“हो,” प्रमिला म्हणत होती. “हो. असू दे. नाही, काही नाही.” मग ती काहीतरी ऐकता ऐकता गप्प झाली, आणि रिसीव्हर कानाला लावूनच वळून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मग म्हणाली, “असू दे हो. कळलं मला.”

पालव पुन्हा आमच्या बंदरात आला नाही. माझं दुकानही जळलं नाही.

“तर असं,” मी ओटीवरच्या मंडळींना म्हणालो आणि पान उचललं. “सगळं बंदर एक ऐकत होतं, तेव्हा दोन ऐकणारा कान हा एकटाच. इंटरनेटची ओळखली, आणि सोमवारची तारेची, तीही ओळखली.”

बाबलसुद्धा गप्प होता. एवढं यश मला आयुष्यात मिळालं नव्हतं.

“पण नाना,” सदा झोपाळ्यावरून म्हणाला. तो कपाळाला आठ्या घालून कसला तरी हिशेब जुळवत होता. “त्या सोमवारी मी फोन केलाच नव्हता.”

“केला होतास.”

“नाही ओ. टग बाहेर गेली होती, गुरुवारी परतलो. सोमवार चुकला म्हणून तर शुक्रवारी मुद्दाम बोलायला लावला. मी सांगितलंसुद्धा हिला फोनवर.”

झोपाळ्याची कडी कुरकुरायची थांबली.

“इतकी वर्षं झाली रे,” मी म्हणालो. “तुझं विस्मरण. मी स्वतः स्टुलावर बसून—”

“स्टुलावर पालव बसला होता,” प्रमिला म्हणाली.

तिने हातातलं पान ताटात ठेवलं. बोलली मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“रिंग कुठूनही येऊ दे, नाना, वाजते सारखीच. तुम्ही तिथे नव्हतात. रिंगा थांबल्यावर काही वेळाने मागच्या दाराने आलात. एका पायात चप्पल.”

“ती कुत्र्याने—”

“कुत्र्याने नाही. साकवाच्या फळीत अडकली होती. पोस्टाच्या वाटेवर. मंगळवारी सकाळी मीच काढली.”

सदा तिच्याकडे बघत होता, मग माझ्याकडे, मग परत तिच्याकडे. “म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं? फोन माझा नव्हे ते? आणि तरी थांबलीस?”

“नाना थापा मारताना कधी घाबरत नाहीत,” प्रमिला म्हणाली. “त्या दिवशी त्यांचे दात वाजत होते.”